बाळाची मलमल



जैन गृहिणीची कापडाची पारख पाण्यापासून सुरू होते. पाणी गाळण्याचे वस्त्र जाड, दुहेरी घडीचे आणि इतक्या दाट विणीचे असावे की त्यातून सूर्यबिंब दिसू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. बाळाच्या वस्त्राची कसोटी नेमकी याच्या उलट आहे. ते उजेडाकडे धरले असता विणीतून प्रकाश झिरपला पाहिजे आणि त्यातून वारा खेळता राहिला पाहिजे. एकाच सुताची ही दोन वस्त्रे, परंतु एकाचे काम दुसऱ्याकडून घेता येत नाही. कोणते वस्त्र कोठे, कसे आणि किती वापरावे, हा विवेकाचा विषय आहे.

मलमल म्हणजे बारीक सुताचे, साध्या विणीचे, हलके सुती कापड. ते ओलावा चटकन टिपते, लवकर वाळते आणि धुण्यागणिक अधिक मऊ होत जाते. रेशमासाठी होणारी हिंसा आपण टाळतो, आणि कृत्रिम धाग्यात घाम कोंडतो. तेव्हा बाळासाठी सुती मलमल सर्वच दृष्टींनी उचित ठरते. आजीचे वापरून मऊ झालेले सुती लुगडे किंवा आजोबांचे धोतर फाडून केलेले दुपटे हेही याच कुळातले होय. नवी मलमल आणली तर तिच्यातील खळ निघून जावी म्हणून दोन-तीन वेळा धुऊनच ती बाळाच्या अंगाला लावावी.

बाळ येणार म्हटले की घरात वस्तूंचा पूर लोटतो. पुसण्याचे निराळे, गुंडाळण्याचे निराळे, खांद्यावर टाकण्याचे निराळे. अपरिग्रहाचा विचार पाळण्याचीच ही वेळ आहे. साधारण एक मीटरचे आठ-दहा मोठे चौकोन आणि हातरुमालाएवढे डझनभर लहान चौकोन असले, की बहुतेक कामे भागतात. लंगोटांची संख्या मात्र रोजच्या धुण्याच्या सोयीप्रमाणे ठरवावी.

लहान चौकोनांचे उपयोग अनेक. दूध पाजल्यावर ढेकर काढताना तो खांद्यावर टाकावा. लाळ गळू लागली की गळ्याशी लाळेरे म्हणून बांधावा, पण झोपवताना आठवणीने सोडावा. स्नानानंतर मानेच्या वळ्या, काखा आणि जांघा यांतील ओलावा न घासता अलगद टिपून घ्यावा. डोळे पुसताना उकळून निववलेल्या पाण्यात चौकोन भिजवून नाकाकडील कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूस पुसावे, आणि प्रत्येक डोळ्यासाठी स्वतंत्र तुकडा घ्यावा. आईचे दूध पाझरत असेल तर घडी करून आतून ठेवता येते. ती ओली होताच बदलावी. मात्र साखरेच्या वा गुळाच्या पाण्यात भिजवलेली चिंधी बाळाच्या तोंडात देऊ नये. पहिले सहा महिने मातेचे दूध हाच त्याचा पूर्ण आहार आहे.

मोठ्या चौकोनाची त्रिकोणी घडी केली की लंगोट होतो. नाळ गळून पडेपर्यंत तो बेंबीच्या खाली बांधावा, म्हणजे नाळ कोरडी राहते. सुती लंगोटाचा आणखी एक लाभ आहे. बाळाने किती वेळा लघवी केली, हे आईला मोजता येते. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट ओले होत असतील, तर बाळाला दूध पुरते आहे असे सामान्यतः समजावे. संख्या कमी भरली तर डॉक्टरांना दाखवावे. ‘दूध पुरत नाही’ या शंकेने घाबरलेल्या नवमातेला ही साधी मोजदाद मोठा आधार देते.

आता ज्यावर घरोघरी मतभेद होतात त्या गोष्टीकडे वळू. बाळाला दुपट्यात घट्ट बांधले, पाय सरळ ओढून गुडघे जुळवले, म्हणजे पाय सरळ वाढतात, असे अनेक ज्येष्ठ स्त्रिया मानतात. त्यामागे माया आहे, परंतु ही समजूत बाळाच्या हिताची नाही. नवजात बाळाचे पाय स्वभावतःच गुडघ्यात दुमडलेले आणि बाजूस फाकलेले असतात. त्याच्या खुब्याची खोबण अजून कोवळी असते. पाय सक्तीने सरळ बांधल्यास मांडीच्या हाडाचे डोके खोबणीत नीट बसत नाही आणि खुबा निखळण्याचा धोका वाढतो. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास बाळाचे पाय ताणून न बांधण्याची देशव्यापी मोहीम झाली, आणि त्यानंतर खुबा निखळण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले. म्हणून गुंडाळायचेच असेल तर छातीशी दोन बोटे सहज जातील इतके सैल असावे, आणि कमरेखाली पाय बेडकासारखे दुमडून हलवण्यास मोकळीक असावी. बाळ कुशीवर वळू पाहू लागताच गुंडाळणे पूर्णपणे थांबवावे.

बाळाला नेहमी पाठीवरच झोपवावे. पाळण्यात सुटी वस्त्रे, उशा, गाठोडी ठेवू नयेत. डास किंवा ऊन लागू नये म्हणून तोंडावर मलमल पांघरण्याची सवयही सोडावी. कापड कितीही विरळ असले तरी ते नाकाशी चिकटू शकते. पाळण्यावर वा बाबागाडीवर ते पूर्ण झाकून टाकल्यास आतील उष्णता वाढते आणि वारा अडतो. डासांसाठी ताणून बांधलेली मच्छरदाणी, आणि उन्हासाठी सावली, हेच खरे उपाय आहेत.

स्वच्छतेच्या बाबतीत आपली परंपरा आणि आजचे आरोग्यशास्त्र एकाच ठिकाणी येतात. मलमूत्रात अंतर्मुहूर्तात, म्हणजे ४८ मिनिटांच्या आत, संमूर्च्छिम जीव उत्पन्न होतात अशी आपली धारणा आहे. म्हणून बाळोती ढीग करून दिवसभर भिजत ठेवू नयेत. ओला लंगोट अंगावर राहिला तर कोवळ्या त्वचेला पुरळ येते, हे डॉक्टरही सांगतात. प्रथम शी काढून टाकून गाळलेल्या थंड पाण्यात वस्त्र खळबळावे, कारण गरम पाण्याने डाग पक्का बसतो. मग सौम्य साबणाने धुऊन, पुरेसे पाणी घेऊन, परंतु न सांडता, खळबळून काढावे. सुगंधी द्रव्ये व कपडे मऊ करणारी रसायने टाळावीत, कारण त्यांनी मलमलीची टिपण्याची शक्ती कमी होते. उन्हात वाळवणे सर्वोत्तम. पावसाळ्यात पूर्ण वाळल्यावर इस्त्री फिरवावी.

शेवटी एक महत्त्वाची सूचना. थोरल्या भावंडाची जपून ठेवलेली दुपटी धाकट्यासाठी काढणे हे काटकसरीचे आणि मायेचे लक्षण आहे. पण ती डांबराच्या गोळ्या घातलेल्या पेटीतून निघाली असतील, तर तशीच वापरू नयेत. काही बाळांमध्ये जी-सिक्स-पीडी नावाचे एन्झाइम जन्मतःच कमी असते. या गोळ्यांच्या वासाने व स्पर्शाने अशा बाळांच्या तांबड्या रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. कोणत्या बाळात ही उणीव आहे, ते बाहेरून दिसत नाही. म्हणून बाळाच्या कपड्यांत या गोळ्या कधीच घालू नयेत. त्यांऐवजी वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवावा. कीटकांचा जीव न घेता तो त्यांना दूर ठेवतो.

चालताना, बसताना, वस्तू घेताना आणि ठेवताना जी सावधानता आपण यत्नाचार म्हणून जाणतो, तीच बाळाच्या दुपट्यालाही लागू करावी. सूनबाईंनी हा लेख सासूबाईंना वाचून दाखवावा, आणि सासूबाईंनी आपल्या हातची मऊ दुपटी सूनबाईंच्या हाती द्यावीत. बांधायचे मात्र दोघींनी मिळून, सैल हाताने.