एक डोंगर, चार राज्ये

जयपूर नगराच्या उत्तरेस नाहरगडचे आणि पूर्वेस झालान्याचे डोंगर उभे आहेत. हे दोन्ही अरवली पर्वताचेच भाग होत. दिल्लीपासून गुजरातेपर्यंत सुमारे ६७० किलोमीटर पसरलेली ही रांग पृथ्वीवरील अतिप्राचीन पर्वतांपैकी एक असून दिल्ली, हरियाणा, राजस्थान व गुजरात या चार राज्यांच्या कारभारात ती वाटली गेली आहे. पाण्याला व वाळूला मात्र ही वाटणी ठाऊक नाही. जयपूरकडील डोंगरांत उगम पावणारी साहिबी नदी हरियाणातून दिल्लीस जाते व तेथे नजफगडचा नाला होऊन यमुनेस मिळते. साबरमती राजस्थानात उगम पावते, परंतु तिच्यावर विसंबून असतो तो मुख्यत्वे गुजरात. पश्चिमेकडील थरच्या वाळवंटातील वाळू रांगेतल्या खिंडींवाटे पूर्वेकडे सरकते. डोंगर एकाने उघडा करावा आणि त्याचे फळ दुसऱ्याने भोगावे, अशी ही स्थिती आहे.

असे असूनही वनांचा कारभार दीर्घकाळ शेजाऱ्याकडे पाठ करूनच चालला. १९९०च्या दशकात हरियाणाने युरोपीय समुदायाच्या साहाय्याने, तर राजस्थानने जपानच्या कर्जाऊ पैशाने अरवलीवर वनीकरण केले. गुडगाव व अलवर हे जिल्हे एकमेकांच्या लगतचे आणि डोंगरही तोच, परंतु हिशेबाच्या वह्या दोन होत्या. या दृष्टीने मार्च २०२३ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने आरंभिलेला ‘अरवली हरित भिंत’ प्रकल्प स्वागतार्ह मानला पाहिजे. रांगेभोवतीच्या ५ किलोमीटरांच्या पट्ट्यासाठी चारही राज्यांची एकच योजना त्यात अभिप्रेत आहे.

‘भिंत’ हा शब्द मात्र दिशाभूल करणारा आहे. तो आफ्रिकेतून आला. सहारा वाळवंटाच्या दक्षिण सीमेवर पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत वृक्षांचा अखंड पट्टा उभारण्याचे काम आफ्रिकी संघाने २००७ साली हाती घेतले. लावलेली बरीच रोपे पाण्यावाचून व राखणीवाचून मेली, आणि पुढे पट्ट्याची कल्पना मागे पडून शेती, कुरणे व वने यांच्या मिश्र व्यवस्थेचा विचार पुढे आला. त्याच प्रदेशातील नायजर देशात याहून बोधप्रद असे काही घडले होते. १९८०च्या दशकापासून तेथील शेतकऱ्यांनी शेतात दडलेल्या जुन्या झाडांच्या खुंटांना फुटणारे कोंब राखावयास आरंभ केला आणि सुमारे ५० लाख हेक्टर भूमीवर झाडे पुन्हा उभी राहिली. ती कोणी लावली नव्हती. केवळ तोडली नाहीत.

अरवलीस हा धडा फारच जवळचा आहे. या डोंगरांचा खरा धनी म्हणजे धोक नावाचा वृक्ष. महाराष्ट्रातील धावड्याचा हा भाऊबंद होय. खडकाळ उतारावर तो तग धरतो, पण वाढतो अत्यंत संथपणे. त्याचे बी क्वचितच रुजते. तो पसरतो तो मुळांच्या व खुंटांच्या फुटव्यांनी. गुरे सतत चरत राहिली तर तो जमिनीलगत झुडपासारखा सरपटतो. काही वर्षे राखला तर पुन्हा वृक्ष होतो. याउलट अमेरिका खंडातून आणलेली विलायती बाभूळ, जिला आपल्याकडे वेडी बाभूळ म्हणतात, झपाट्याने वाढते आणि धोकाची जागा बळकावते. लावलेल्या रोपांच्या संख्येवरून यश मोजणाऱ्या प्रकल्पास असली झाडे सोयीची वाटतात, यात नवल नाही. चार राज्यांनी एकत्र येऊन रोपेच मोजावयाची असतील, तर एकत्र येण्याचे प्रयोजन काय? पाच वर्षांनी काय जिवंत उरले आणि त्यात धोक किती, याची मोजणी चौघांनी एकाच पद्धतीने करणे हेच खरे सहकार्य.

मोजणीचा प्रश्न व्याख्येपाशीही येतो. स्थानिक पातळीहून किमान १०० मीटर उंच असेल तोच डोंगर खाणकामाच्या दृष्टीने अरवली मानावा, ही कसोटी राजस्थानात २००६ पासून होती. ती सर्वत्र लावण्यास सर्वोच्च न्यायालयाने २० नोव्हेंबर २०२५ रोजी मान्यता दिली. तीव्र टीका झाल्यावर २९ डिसेंबर रोजी तो आदेश स्थगित झाला. व्याख्या एकच असावी, हे योग्यच. परंतु बुटक्या टेकड्या व त्यांमधील झुडुपी भूमी वगळून उरलेली शिखरे म्हणजे पर्वत नव्हे. माणसाची उंची मोजताना कोणी पाय वगळीत नाही.

या कारभारात आणखी दोन भागीदार आहेत आणि त्यांच्याकडे शासनांचे लक्ष उशिरा जाते. पहिला म्हणजे गाव. महाराष्ट्रात जशा देवराया, तशी राजस्थानात ओरणे. देवाच्या नावाने राखलेल्या या वनांची पाहणी करून नकाशे तयार करावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२४ रोजी राजस्थानास दिला. दुसरा भागीदार मेंढपाळ. पश्चिम राजस्थानातील राईका मेंढरांचे कळप घेऊन अरवली ओलांडतात व हरियाणा, गुजरात, मध्य प्रदेशापर्यंत जातात. धोकाचे कोंब राखावयाचे तर कोणता उतार कोणत्या वर्षी बंद ठेवावा व कळपांनी कोठून जावे, हे त्यांच्याशी बसून ठरविले पाहिजे, आणि एका राज्याने दिलेली वाट सीमेपलीकडे बंद असता कामा नये. ओरणांच्या नकाशांबरोबरच या वाटांचेही नकाशे काढले, तर अधिक खर्च फारसा येणार नाही. पाहणी करणारे कर्मचारी तेच आणि अनेक ठिकाणी गावेही तीच.