मनाचा पंचनामा होत नाही

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गाडलं गेलं. गाव जागेवर नाही, हे आधी लक्षात आलं ते एसटीच्या चालकाला. दीडशेच्या वर माणसं गेली. शिक्षण-नोकरीसाठी बाहेर असलेली तरुण पोरं वाचली, पण एका दिवसात पोरकी झाली. वाचलेल्यांसाठी २०१७ मध्ये आमडे इथं पक्की घरं उभी राहिली. मनाची पडझड मात्र कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. आज जुन्नर-आंबेगावच्या तरुणांवरचं ओझं निराळं आहे. नारायणगावला टोमॅटोचा भाव पडतो, स्पर्धा परीक्षेत उमेदीची वर्षं जातात, लग्न जमत नाही, रात्री पाणी धरायला जावं तर उसात बिबट्या. ‘पोरगं हल्ली बोलत नाही,’ एवढंच घरचे म्हणतात. अशा वेळी मित्रानं शेजारी बसून ऐकून घ्यावं, गरज पडली तर सोबत डॉक्टरांकडे जावं. ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. गणेश मंडळांनी तो आपल्या फलकावर ठळक लिहावा. दहाव्याला सारं गाव जमतं. खचलेल्या पोराच्या दारी ते त्याच्या हयातीतच जमायला हवं.