आज्ञेपूर्वीं पृच्छा

उतारवयांत नवी विद्या शिकूं लागलें म्हणजे पाठांतराची जुनी संवय प्रथम आडवी येते. अक्षरें लिहून संगणकास आज्ञा देण्याचें 'पॉवरशेल' हें साधन २००६ सालीं निघालें. आमच्या पुतण्यानें तें आम्हांस दाखविलें, तेव्हां आम्ही लागलीच वही काढून शेंकडों आज्ञा उतरून घेऊं लागलों.

पुढें त्यांची रचना ध्यानांत आली, आणि वही मिटली. आज्ञेंत आधीं क्रियापद, मग जोडरेघ, मग नाम. 'गेट-सर्व्हिस' म्हणजे सेवा दाखीव. 'स्टॉप-सर्व्हिस' म्हणजे ती थांबीव. क्रियापदें मोजकीं ठरविलेलीं असून 'गेट-व्हर्ब' लिहितांच त्यांची यादी मिळते. हा जणूं धातुपाठच! नाम ठाऊक असून क्रिया ठाऊक नसेल, तर 'गेट-कमांड -नाउन सर्व्हिस' असें विचारावें; त्या नामाच्या सर्व आज्ञा समोर येतात. नांव अर्धवटच आठवत असेल, तर उरलेल्या जागीं तारका घालावी.

आज्ञा सांपडली, कीं तिचा अन्वय 'गेट-हेल्प'ला पुसावा. चौकटी कंसांतील भाग ऐच्छिक, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांतील 'वा'. टोकदार कंसांत कोणत्या जातीचें मूल्य हवें तें असतें. शेवटीं '-एक्झाम्पल्स' जोडल्यास उदाहरणेंही मिळतात. मात्र 'अपडेट-हेल्प'नें तें साहाय्य एकदां उतरवून घ्यावें लागतें. एरवीं नुसता सांगाडा दिसतो.

गेल्या महिन्यांत तीर्थरूपांच्या पत्रांच्या छायाचित्रांतून दुबार प्रती काढावयाच्या होत्या. कोठूनशी मिळालेली 'रिमूव्ह-आयटम'ची ओळ आम्ही लिहिली. पण कळ दाबण्यापूर्वीं अर्थ पाहिला. तींत '-रिकर्स' होतें, म्हणजे पोटांतील फोल्डरांसह सर्व. आणि या आज्ञेनें काढलेलें कचरापेटींत जात नाहीं, कायमचें जातें. त्याच पृष्ठावर '-व्हॉटइफ' सांपडलें. तें जोडिलें असतां आज्ञा कांहीं करीत नाहीं, काय करील तेवढें सांगते. सांगितलेल्या यादींत मूळ पत्रेंही होतीं!

आमचे हात थरथरले. 'शंका पुरे, पाठ करा,' असें वर्गांत आम्हींच कितीदां तरी म्हटलें होतें. ज्या मुलांस आम्ही असें गप्प बसविलें, त्यांची त्या रात्रीं फार आठवण झाली. आपल्या घरांतील मुलांनीं 'हें असें कां?' म्हणून विचारलें, तर वडीलधाऱ्यांनीं त्रासूं नये, एवढीच विनंति.