सप्टेंबर १९४८ आणि मराठी समीक्षेचे मौन

वसाहतोत्तर समीक्षेची परिभाषा मराठवाड्यातील प्रबंधलेखनात एव्हाना चांगलीच रुळली आहे. नांदेड-लातूरचा प्रदेश इंग्रजांच्या थेट अमलाखाली नव्हता, निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे ही परिभाषा येथे बहुधा निजामाला वसाहतकार ठरविण्याच्या किंवा देशीयतेच्या गौरवाच्या कामी जुंपली जाते. एका अत्याचाराची स्मृती दुसऱ्या अत्याचारावर पांघरूण कसे घालते, हा तिच्यातील सर्वांत उपयुक्त प्रश्न मात्र टाळला जातो.

जर्मनीचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. नाझी गुन्ह्यांची कठोर झडती घेणाऱ्या त्या समाजाला नैर्ऋत्य आफ्रिकेतील आपली वसाहत दीर्घकाळ आठवली नाही. तेथे २ ऑक्टोबर १९०४ रोजी सेनापती फॉन ट्रोथाने हेरेरोंच्या संहाराचा हुकूम काढला; १९०८ पर्यंत हेरेरो आणि नामा जमातींतील हजारो माणसे मारली गेली. जर्मन शासनाने त्यास अधिकृतपणे वंशसंहार म्हटले ते २०२१ मध्ये. ऊवे टिमची ‘मोरेंगा’ ही कादंबरी त्या युद्धाकडे १९७८ सालीच वळली होती. तेथे साहित्य शासनाच्या चार दशके पुढे होते.

मराठवाड्याबाबत असे म्हणता येत नाही. रझाकारांचे अत्याचार खरे होते. १९४६ मध्ये अर्जापूरला झालेली गोविंदराव पानसरे यांची हत्या विसरण्याजोगी नाही. पण पोलीस कारवाईनंतरचे आठवडेही तितकेच खरे आहेत. केंद्र शासनाने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस राज्यात हिंडून २७ ते ४० हजार बळींचा अंदाज दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे जिल्हे तिने सर्वाधिक होरपळलेले मानले. तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेल्या लातुरात कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली; सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी समितीला जेमतेम तीन हजार आढळले. हजाराहून अधिक मारले गेले होते, उरलेले परागंदा झाले होते.

अहवाल गोपनीय होता, ही सबब आता चालणार नाही. २०१३ मध्ये ए. जी. नूरानी यांच्या ग्रंथात तो छापला गेला आहे. याची वाच्यता केल्याने मुक्तिसंग्राम उणावतो, हा आक्षेप तर लढ्याचाच अवमान करणारा आहे. मुसलमान विणकरांना वाचविताना प्राण गमावलेल्या हिंदू विणकरांची नोंद याच अहवालात आहे. ती दडवून कोणाचा गौरव होतो? मुक्तिसंग्रामावरील मराठी लेखन मुख्यतः कार्यकर्त्यांच्या आठवणींचे आहे. त्यांतील निवेदन १७ सप्टेंबरपाशी कसे थबकते, नंतरचे आठवडे एखाद्या वाक्यात कसे गुंडाळले जातात, हे तपासणे सर्वस्वी समीक्षेचे काम होय. आणि लातूरच्या मोहल्ल्यांत दखनीतून सांगितल्या जाणाऱ्या आठवणी ‘मराठी’ नाहीत म्हणून विभागांनी त्यांकडे पाठ फिरवायची असेल, तर देशीयतेत नेमका कोणाचा देश अभिप्रेत आहे, तेही सांगावे लागेल.