हापशावरची देशभक्ती

वीररस आणि हास्यरस यांच्यामधली भिंत फार पातळ असते. नायकाचे सामर्थ्य मर्यादेबाहेर ताणले की ती कोसळते आणि ज्या प्रसंगी प्रेक्षकाचा ऊर भरून यावा, नेमक्या त्याच प्रसंगी त्याला हसू फुटते. देशभक्तीच्या नावाखाली मारधाडीचे चित्रपट काढणाऱ्या हिंदी निर्मात्यांनी ही भिंत वारंवार पाडली आहे.

२००१ साली प्रदर्शित झालेल्या अनिल शर्मा यांच्या ‘गदर’मधील गाजलेला प्रसंग पाहावा. फाळणीत होरपळलेला तारासिंग पत्नीसाठी पाकिस्तानात जातो. तेथे त्याच्यावर एकामागून एक अटी लादल्या जातात. तो पुष्कळ काही सोसतो, मान्यही करतो. मात्र ‘हिंदुस्थान मुर्दाबाद’ म्हणण्यास ठाम नकार देतो. येथवर प्रसंग गंभीर आहे, कारण १९४७ साली असंख्य कुटुंबांची वेदना त्यामागे उभी आहे. पुढच्याच क्षणी तारासिंग जमिनीत रोवलेला हापसा मुळासकट उपटतो आणि जमावावर धावून जातो. झाले! त्या नकाराचे मोल विस्मृतीत गेले. लोकांच्या लक्षात राहिला तो हापसा. नकलाकारांनी त्यावर वर्षानुवर्षे टाळ्या मिळवल्या. २०२३ साली आलेल्या ‘गदर २’मध्ये तर नायकाने हापशाकडे नुसती नजर टाकताच जमावाची गाळण उडते. अनवधानाने झालेला विनोद निर्मात्यांनी दुसऱ्यांदा जाणूनबुजून विकला.

यावर आक्षेप येईल, की मारुतीने द्रोणागिरी उचलला, त्याला कोणी हसत नाही. मग तारासिंगालाच का हसावे? उत्तर सोपे आहे. मारुतीचे बळ ब्रह्मचर्यातून, सेवेतून आणि रामभक्तीतून येते. जांबवंताने आठवण करून देईपर्यंत ते त्याला स्वतःलाही स्मरत नाही. पुराणकथा आपण पुराणकथाच आहोत, हे लपवत नाही. चित्रपट मात्र १९४७ चा दाखला देतो, रक्तामांसाचा ट्रकचालक दाखवतो आणि मग निसर्गनियम गुंडाळून ठेवतो. ‘औचित्यविचारचर्चा’ लिहिणारा क्षेमेंद्र हेच सांगून गेला. अलंकार भलत्या जागी घातला की शोभा राहत नाही, हसे होते. हा क्षेमेंद्र अकराव्या शतकातला, काश्मीरचा. ज्या काश्मीरच्या नावाने पडद्यावर आरोळ्या ठोकल्या जातात, त्या भूमीचे हे शहाणपण आरोळी ठोकणाऱ्यांच्या गावीही नसते!

अशा दृश्यांमुळे तथाकथित पुरोगामी समीक्षकांना आयते निमित्त मिळते. ते प्रथम हापशाला हसतात आणि हळूच राष्ट्रभावनेलाच हसू लागतात. त्यांचा निषेध अवश्य करावा. परंतु त्यांच्या हाती हे शस्त्र दिले कोणी? गल्ल्यासाठी तिरंगा फडकवणाऱ्या निर्मात्यांनी, आणि शिट्टी वाजवली म्हणजे देशाचे ऋण फिटले असे मानणाऱ्या प्रेक्षकांनी.

याहून गंभीर अपराध वेगळाच आहे. या चित्रपटांतील शत्रू म्हणजे बुजगावणे. एका ठोशात दहा जण आडवे. शत्रू इतका क्षुद्र असेल, तर १९९९ साली कारगिलमध्ये ५२७ जवानांना हौतात्म्य का पत्करावे लागले? टायगर हिलचा सरळसोट कडा १८ ग्रेनेडियर्सचे जवान दोर लावून चढले, तेव्हा वरून गोळ्यांचा वर्षाव होत होता. एकोणीस वर्षांचे योगेंद्रसिंह यादव अनेक गोळ्या झेलूनही पुढे सरकत राहिले. त्यांचे परमवीरचक्र आधी मरणोत्तर म्हणून जाहीर झाले. नंतर कळले, की ते रुग्णालयात जिवंत आहेत. कोणत्या पटकथालेखकाला हे सुचले असते?

कारवारकडचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे तर हापसा उपटणारे नव्हेत, सुरुंग काढणारे वीर. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी या मार्गावर शत्रूच्या माऱ्याखाली त्यांनी सुरुंग काढले, आडवी पाडलेली झाडे हटवली आणि रणगाड्यांना वाट करून दिली. मांडीला जखम झाली, तरी जागा सोडली नाही. हे शौर्य आरोळी ठोकत नाही. हात स्थिर ठेवून काम करते. प्रतापगडाच्या पायथ्याशी १६५९ साली अफजलखानाला भेटण्यास निघालेले शिवछत्रपतीही उघड्या छातीने गेले नाहीत. अंगरख्याखाली चिलखत होते आणि जावळीच्या रानात सैन्य दबा धरून बसले होते. योजना आणि सावधपणा ही शौर्याची अंगे आहेत, हे महाराष्ट्राला कोणी शिकवावयास नको.

प्रेक्षकांना भडकपणाच हवा असतो, ही निर्मात्यांची सबब टिकणारी नाही. २०१९ च्या ‘उरी’ने लष्करी कारवाईची आखणी आणि तयारी दाखवली, २०२१ च्या ‘शेरशाह’ने कॅप्टन विक्रम बत्रा यांना माणूस म्हणून उभे केले. त्यांतही चित्रपटीय सजावट होतीच. परंतु दोन्ही चित्रपट प्रेक्षकांनी उचलून धरले.

तेव्हा राष्ट्रप्रेमी कुटुंबांनी चित्रपटात तिरंगा दिसला एवढ्यावरून त्याला डोक्यावर घेणे थांबवावे. मुले हापशाच्या दृश्याला हसली, तर त्यांना दटावू नये. त्यांचे हसणे योग्यच आहे. मात्र हसून झाल्यावर त्यांना राणे कोण होते, हे सांगावे. ती कथा ऐकताना कोणी हसणार नाही.