वर्गणी गावाची, पुतळा मुंबईचा. शाळेत उभा राहिल्यावर जबाबदारी कुणाची?

शाळेचा सुवर्णमहोत्सव आला, माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली, की बऱ्याच गावांत पहिला विषय निघतो तो पुतळ्याचा. कुठे छत्रपती शिवाजी महाराज, कुठे सावित्रीबाई, तर कुठे शाळेची ओळख म्हणून सिंह किंवा घोडा. ऑर्डर द्यायला मंडळी मुंबई गाठतात. लालबाग-परळचे मूर्तीचे कारखाने तिथेच, आणि महापुरुषांच्या पुतळ्याचा नमुना मंजूर करणारं कला संचालनालयही तिथेच, फोर्टमधल्या जे.जे.च्या आवारात. पण पुतळा दिसणार कसा, यावर जेवढी चर्चा होते, तेवढी तो टिकणार कसा यावर होत नाही.

मालवणात काय घडलं?

राजकोट किल्ल्यावरचा ३५ फुटी शिवपुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. मंजुरी सहा फुटी मातीच्या नमुन्याला दिली होती, एवढ्या उंचीची कल्पना नव्हती, असं कला संचालनालयाकडून तेव्हा सांगण्यात आलं. कोसळण्याच्या काही दिवस आधी बांधकाम विभागाने नट-बोल्टना गंज लागल्याचं नौदलाला कळवलं होतं. म्हणजे पत्र गेलं, पण दुरुस्ती झाली नाही.

तिथे सरकार होतं, नवा पुतळा मे २०२५ मध्ये उभा राहिला. गावच्या शाळेत असं झालं तर दुसऱ्यांदा वर्गणी कोण देणार? आणि पुतळ्याखाली मधल्या सुट्टीत पोरं खेळत असतात, हा धोका वेगळाच.

दहा दिवसांची मूर्ती, पन्नास वर्षांचा पुतळा

लालबाग-परळच्या कारागिरांच्या हाताला तोड नाही. पण गणपतीची मूर्ती मंडपात असते आणि विसर्जनापुरती टिकली की झालं. शाळेच्या मैदानातला पुतळा ऊन, पाऊस, वारा वर्षानुवर्षं झेलतो. चेहरा हुबेहूब जमणं हे मूर्तिकाराचं काम. आतला लोखंडी सांगाडा आणि चौथरा वाऱ्याचा जोर पेलेल का, हे सांगणं स्ट्रक्चरल इंजिनिअरचं काम. दोन्ही माणसं लागतात.

साहित्याचंही तसंच. फायबर स्वस्त आणि हलका, पण उन्हाने रंग उडतो, तडा गेला की पाणी आत शिरतं आणि सांगाडा गंजतो. बाहेरून मात्र काहीच कळत नाही. ब्राँझ महाग, पण पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. बजेट कमी असेल तर बारा फुटी फायबरपेक्षा अर्धपुतळा ब्राँझचा केलेला बरा.

सात वर्षं थांबलेला पुतळा

पुण्यात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात शिवरायांचा अश्वारूढ पुतळा आहे. कल्पना राजर्षी शाहू महाराजांची. पायाभरणी १९२१ मध्ये झाली, १९२२ मध्ये शाहू महाराज गेले, आणि अनावरण झालं ते जून १९२८ मध्ये. शिल्पकार होते नानासाहेब करमरकर, अलिबाग तालुक्यातल्या सासवणे गावचे, जे.जे.त शिकलेले. ब्राँझचा पुतळा मुंबईत माझगावला ओतला गेला. शंभर वर्षं होत आली, तो तसाच उभा आहे. आपल्याकडे मात्र आधी पाहुण्यांची तारीख ठरते आणि मग कारागिराच्या मागे घाई लागते. ओतकाम, जोडकाम आणि चौथऱ्याचं काँक्रीट यांना मुहूर्त कळत नाही.

घोडा चालेल का?

शाळेचं बोधचिन्ह म्हणून एखादा प्राणी निवडला तर चेहरा जुळतो की नाही हा वाद राहत नाही. मुंबईचा काळा घोडा हे त्याचं चांगलं उदाहरण. मूळ पुतळ्यात घोड्यावर राजा एडवर्ड सातवा होता. १९६५ मध्ये तो हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. राजा गेला, पण घोड्याचं नाव लोकांनी सोडलं नाही. २०१७ मध्ये तिथे शिल्पकार श्रीहरी भोसले यांनी घडवलेला नवा घोडा उभा राहिला, त्याच्या पाठीवर कुणीच नाही. मात्र शाळेतल्या घोड्यावर मुलं चढणारच, हे धरूनच तो बांधायला हवा.

परवानगी आधी, ऑर्डर नंतर

राष्ट्रपुरुष आणि थोर व्यक्तींच्या पुतळ्यासाठी २०१७ च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. जागेची मालकी, ठराव, पोलिसांचा अभिप्राय आणि मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता हे त्यातले मुख्य टप्पे. जिल्हा परिषदेची शाळा असेल तर जागा परिषदेची. शाळा व्यवस्थापन समितीने परस्पर ठरवून चालत नाही. सार्वजनिक रस्त्यावर पुतळ्याला परवानगी देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा आदेश आहे, त्यामुळे गेटबाहेरचा चौक धरू नये. रातोरात बसवलेला पुतळा हटवायची वेळ आली की गावात तणाव होतो आणि त्याचा त्रास शाळेलाच होतो.

करारात एवढं तरी लिहून घ्या

- उंची, वजन, धातू आणि त्यातलं तांब्याचं प्रमाण.
- सांगाडा आणि चौथऱ्याचं डिझाइन, इंजिनिअरच्या सहीसह.
- पैसे टप्प्याटप्प्याने: माती-नमुना मंजूर झाल्यावर, ओतकाम झाल्यावर, बसवल्यावर. शेवटचा हप्ता एक पावसाळा गेल्यावर.
- वाहतूक आणि क्रेनचा खर्च कुणाचा.
- किती वर्षांची हमी, आणि दरवर्षी तपासणी कोण करणार.

शेवटचा मुद्दा बहुतेक ठिकाणी राहून जातो. वर्गणीतली थोडी रक्कम देखभालीसाठी बँकेत वेगळी ठेवली आणि दर पावसाळ्यानंतर नट-बोल्ट, सांधे, चौथऱ्याच्या भेगा पाहून शाळेच्या रजिस्टरला नोंद केली, तर खर्च फार होत नाही. मालवणात गंज दिसला होता. दिसल्यावर तो काढायचं काम कुणाचं, हे गावाने पुतळा बसवायच्या आधीच नाव घालून ठरवायला हवं.