कोंबडीसाठी अस्वल गमवावे काय?

आपल्या बेटावर अस्वल नाही. तरीही दूरच्या एका अस्वलाविषयी आज आम्ही लिहीत आहोत, कारण त्याच्या कथेत आपल्याही घेण्यासारखे काही आहे.

इटलीच्या मध्यभागी अपेनाइन पर्वत आहे. तेथील आब्रुझ्झो भागात मार्सिकन नावाचे तपकिरी अस्वल राहते. आल्प्समधील अस्वलांपासून ते फार पूर्वीच वेगळे पडले. स्वभावाने ते सौम्य मानले जाते. २०१४ च्या अंदाजानुसार ही अस्वले जेमतेम ५० च्या आसपास होती.

त्यांच्या रक्षणासाठी १९२३ पासून सरकारी राष्ट्रीय उद्यान आहे, कडक कायदेही आहेत. पण अस्वलाला उद्यानाची सीमा कशी कळणार? फळे, मध, कोंबड्या यांच्या वासाने ते गावात येते. आमारेना नावाच्या मादीने २०२० साली एकदम चार पिल्ले वाढवली, ही दुर्मीळ गोष्ट होती. त्यांतला हुआन कॅरितो माणसांना सरावला, बेकरीत शिरून बिस्किटे खाऊ लागला. जानेवारी २०२३ मध्ये मोटारीच्या धडकेने तो मेला. त्याच वर्षी ऑगस्टअखेर एका माणसाने आमारेनाला गोळी घातली. ती आपल्या आवारात आल्याने भीती वाटली, असे त्याने सांगितले. तिची दोन लहान पिल्ले पोरकी झाली. मादी तीन-चार वर्षांतून एकदा विते, म्हणून एक मादी गेली की तिची जागा लवकर भरत नाही.

गोळी घालणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. परंतु ज्याच्या कोंबड्या किंवा मधमाश्यांच्या पेट्या जातात, त्याला नुसता कायदा सांगून भागत नाही. पेत्तोरानो सुल जित्सिओ या गावात खुराड्यांभोवती विजेच्या तारा लावल्या, कचऱ्याचे डबे अस्वलाला उघडता येणार नाहीत असे केले. आमच्या मते खरे रक्षण ते हेच. गावकऱ्याचे नुकसान टळले तर तो बंदूक कशाला उचलील?

आपल्या मॉरिशसच्या ससाण्याची आठवण ठेवा. जंगलतोड आणि डीडीटी यांनी त्याचा घात केलाच. पण ‘माँझेर द पूल’, म्हणजे कोंबडीखाऊ, असे नाव ठेवून आपल्याच लोकांनी त्याला गोळ्याही घातल्या. खरे तर त्याचे मुख्य अन्न पाली. १९७४ साली रानात फक्त चार ससाणे उरल्याचे ठाऊक होते. पिंजऱ्यात पिल्ले वाढवून, ती रानात सोडून, मोठ्या कष्टाने ही जात वाचवावी लागली.

आम्ही शिक्षक मुलांना प्राण्यांची नावे पाठ करायला लावतो. त्याबरोबरच खुराडे नीट बंद करणे, कचरा उघडा न टाकणे आणि रानातल्या जिवाला खाऊ न घालणे, हेही शिकवले पाहिजे. पालकांनी घरी तेच सांगावे, एवढीच आमची विनंती.